आरोग्यसेवा आणि समाजसेवा : पहिल्या वर्षात काय शिकावे

दहावी-बारावीचे निकाल लागल्यानंतर जी मुले-मुली नर्सिंगला किंवा समाजकार्याच्या महाविद्यालयात जाण्याचा मनोदय घरी बोलून दाखवतात, त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या मनात बहुधा दोन प्रश्न उभे राहतात : या शिक्षणाने पोटापाण्याची तजवीज होईल काय, आणि तेथे नेमके शिकवतात काय? पहिल्या प्रश्नाची चौकशी सर्वजण करतात. दुसऱ्याची फारसे कोणी करीत नाही, आणि त्यामुळे विद्यार्थी पहिल्या वर्गात पाऊल ठेवतात ते काही चुकीच्या समजुती बरोबर घेऊनच. कोणाला वाटते की इंजेक्शन देणे, सलाइन लावणे आणि औषधांची नावे पाठ करणे एवढीच ही विद्या; कोणाला वाटते की मन कनवाळू असले म्हणजे पुरे, शिकण्यासारखे येथे फारसे काही नाही. एएनएमची दोन वर्षे, जीएनएमची तीन, बीएस्सी नर्सिंगची चार, बीएसडब्ल्यूची पदवी किंवा रुग्ण साहाय्यकाचे अल्प मुदतीचे प्रमाणपत्र, यांपैकी कोणताही मार्ग धरला तरी त्याच्या प्रारंभी जे आत्मसात करावे लागते ते या दोन्ही समजुतींच्या पलीकडचे असते. माझ्या मते ती मुख्यतः विचारण्याची विद्या आहे : रोग्याला काय विचारावे, कसे विचारावे, कोणाच्या समक्ष विचारू नये, मिळालेले उत्तर जसेच्या तसे कसे टिपून ठेवावे आणि त्या उत्तराच्या आधारे त्याला पुढे कोणाकडे पोचवावे. हातांचे कौशल्य महत्त्वाचे खरेच. परंतु ते या पायावरच उभे राहते.

शुश्रूषा आणि समाजकार्य या दोन शाखांचा विचार एकत्र का करावा, अशी शंका कोणाला येईल. महाराष्ट्रात तरी या दोहोंचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे. १९०९ साली पुण्यात सेवासदन सुरू करणाऱ्या रमाबाई रानडे यांनी विधवा व निराधार स्त्रियांना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण घेण्यासाठी पाठविण्याचा उपक्रम हाती घेतला, तेव्हा परक्या माणसाच्या देहाला स्पर्श करणे आणि त्याचे मलमूत्र काढणे हे कुलीन स्त्रीला अशोभनीय मानले जात होते. त्या काळी शुश्रूषेचे शिक्षण हेच मुळी समाजसुधारणेचे कार्य होते. पुढे १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय निघाले, त्याचीच पुढे टाटा समाजविज्ञान संस्था झाली. १९४६ साली भोर समितीने आपला अहवाल सादर करताना, पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारांवाचून राहू नये, हे तत्त्व अग्रस्थानी ठेवले; आणि त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवकाची नेमणूक झाली, जी या देशातील अशी पहिली नेमणूक मानली जाते. औषध लिहून देऊन रोग्याला फाटकाबाहेर पाठविले की रुग्णालयाचे कर्तव्य संपले, ही कल्पना तेव्हापासून मोडीत निघू लागली. ती अजून पुरती मोडलेली नाही, आणि नव्या विद्यार्थ्यांची गरज आहे ती त्याचसाठी.

विचारण्याला मी इतके महत्त्व का देतो, त्याचे कारण गडचिरोली जिल्ह्यात सापडते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तेथील दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून तिचे निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केले. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक एक वा अधिक विकार होते, आणि त्यापूर्वी कधी तशी तपासणी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण १० टक्क्यांहूनही कमी होते. या स्त्रिया रोज पाणी भरत होत्या, पावसाळ्यात भाताची रोवणी करीत होत्या, मुले वाढवीत होत्या आणि दुखणे अंगावर काढीत होत्या. वैद्यकशास्त्राच्या दफ्तरी त्या दुखण्याची नोंद नव्हती, कारण विश्वासाने, एकांतात आणि त्यांना समजेल अशा बोलीत ते विचारणारे माणूस त्यांच्या दारापर्यंत गेलेच नव्हते.

म्हणून विद्यार्थ्याने पहिल्या सत्रात प्रश्न कसा घालावा याचाच मन लावून सराव करावा. “गोळ्या वेळेवर घेता ना?” असे विचारले की समोरचा माणूस “हो” म्हणून मोकळा होतो, “काल सकाळपासून कोणकोणती गोळी घेतली, आणि शिल्लक पाकिटे मला दाखवता का?” असे विचारले म्हणजे खरी हकीकत पुढे येते. सुनेला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर सासूबाई देऊ लागल्या तर त्यांचा अवमान न करता ते ऐकून घ्यावे, आणि बाळाचे वजन करताना किंवा सून चहा ठेवायला आत गेली असता तिच्याशी दोन शब्द बोलण्याची संधी शोधावी. वयाने मोठ्या रुग्णाला आजी, मावशी, काका असे त्या घरात शोभेल ते संबोधन वापरावे, आणि पलंगाच्या क्रमांकाने किंवा रोगाच्या नावाने कोणाचाही उल्लेख करू नये. “तो बारा नंबरचा क्षयवाला” हे शब्द कानी पडलेला रोगी त्यानंतर मनातले काहीच सांगत नाही, हे वॉर्डात चार दिवस घालविलेल्या कोणासही कळते. जे विद्यार्थी मेळघाटात किंवा भामरागडकडे क्षेत्रकार्यासाठी जातील त्यांनी कोरकू, गोंडी किंवा माडिया बोलीतील दुखण्यांची आणि शरीराच्या भागांची नावे जाण्यापूर्वीच वहीत उतरवून घ्यावीत, म्हणजे दुभाष्याच्या तोंडातून प्रश्नाचे भलतेच रूप होण्याचा धोका बराच कमी होतो.

प्रश्न केवळ देहाविषयी पुरत नाहीत, हे क्षयरोगाच्या उदाहरणावरून लवकर पटते. औषधांना दाद देणाऱ्या साध्या क्षयरोगाचा उपचार सहा महिने चालतो. पहिल्या काही आठवड्यांत खोकला कमी होतो, भूक लागते, अंगात बळ येते आणि आता गोळ्यांची गरज नाही असे रोग्यास वाटू लागते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी निघणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि उन्हाळ्यात परततात, म्हणजे तोडणीचा हंगाम आणि क्षयाचा उपचार यांची मुदत जवळजवळ सारखीच. अशा रोग्याला ‘औषध सोडू नका’ असा उपदेश करणारा विद्यार्थी अर्धेच शिकला. ‘यंदा कोणत्या कारखान्यावर जाणार, मुकादमाची उचल घेतली का, घरचे कोण बरोबर येणार’ हे विचारून, ‘निक्षय’ या क्षयरुग्णांच्या नोंदप्रणालीतील त्याची नोंद त्या तालुक्यातील आरोग्य केंद्राकडे वर्ग होईल अशी व्यवस्था आधीच करवून घेणारा पुरता शिकला. उपचाराच्या काळात पोषणासाठी दरमहा १,००० रुपये रोग्याच्या खात्यात जमा होण्याची शासनाची योजना आहे. ती रक्कम खरोखरीच जमा होते की नाही हेही त्याच भेटीत विचारावे.

विचारण्याच्या जोडीला मोजणे येते, आणि येथे विद्यार्थ्यांच्या मनातील इंग्रजी पुस्तकांची धास्ती दूर करणे मला अगत्याचे वाटते. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून खेड्यांतील अल्पशिक्षित, पुष्कळदा निरक्षर स्त्रियांना ग्रामआरोग्य सेविका म्हणून तयार केले. गडचिरोलीत बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून एक मिनिटाची वाळूची घटिका आणि तिच्या जोडीला मण्यांच्या ओळी असलेले साधन वापरण्यात आले : दर दहा श्वासांना एक मणी सरकवावयाचा, आणि वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकविण्याची पाळी आली तर बाळाला न्यूमोनिया असण्याचा संभव आहे असे समजावयाचे. या साध्या साधनामागे तेच वैद्यकशास्त्र आहे जे पाठ्यपुस्तकात अंकांच्या रूपाने येते : दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक असतील तर ते जलद समजावेत. घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेण्याच्या गडचिरोलीतील पद्धतीने, तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने, नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले, आणि हा वृत्तांत १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्येच प्रसिद्ध झाला. तेव्हा गणितात कच्चे असल्याची भीती बाळगून या मार्गापासून दूर राहण्याचे कारण नाही. श्वास मोजताना बाळ शांत असले पाहिजे आणि पूर्ण एक मिनिट मोजले पाहिजे, एवढा नेम मात्र कधीही मोडता कामा नये. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. लहान बाळाचा श्वास अनियमित असतो, आणि त्या घाईत एखादे आजारी बाळ निरोगी ठरून घरी राहते.

अंगणवाडीतील दंडघेराची पट्टी हे असेच दुसरे साधन. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाचा, खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावरचा घेर मोजावयाचा; तो ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर मूल तीव्र कुपोषित, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान भरला तर मध्यम कुपोषित. पट्टी ओढून धरली तर घेर कमी भरतो, सैल सोडली तर जास्त. त्वचेला टेकली पण रुतली नाही अशी ती धरता येण्यास पुष्कळ मुलांच्या दंडांवर हात बसवावा लागतो. आणि पट्टीवरचा लाल रंग दिसल्याबरोबर आईच्या देखत “हे तर कुपोषित आहे” असे उद्गार काढणे म्हणजे त्या माउलीला चारचौघांत शिक्षा देणेच होय. ती पुढच्या महिन्यात अंगणवाडीत येणार नाही.

आता एक उदाहरण सविस्तर घेऊ, कारण या शिक्षणातील बहुतेक गोष्टी त्यात एकत्र येतात. समजा, पक्षाघाताने उजवी बाजू लुळी पडलेले एक सत्तरीचे गृहस्थ रुग्णालयातून घरी आले आहेत आणि पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला तेथे गृहभेटीसाठी पाठविले आहे. उजव्या बाजूच्या पक्षाघातात पुष्कळदा वाचाही जाते. पण बोलता येत नाही म्हणून समजत नाही असे मुळीच नव्हे. घरचे लोक त्यांच्या खाटेशेजारी उभे राहून त्यांच्याविषयी, जणू ते तेथे नाहीतच अशा रीतीने, बोलत असतात. विद्यार्थ्याने प्रथम त्यांच्या डाव्या बाजूस, त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसावे, आपले नाव सांगावे, आणि ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्याने उत्तर देता येईल असा एकच प्रश्न विचारून थांबावे. हात दाबून, मान हलवून उत्तर येण्यास कधी अर्धे मिनिट लागते, आणि ते अर्धे मिनिट न बोलता बसणे हे नव्या विद्यार्थ्यांना इंजेक्शन शिकण्यापेक्षा कठीण जाते.

त्यानंतर हातांचे काम. सदरा घालताना आधी लुळा हात बाहीत घालावा, काढताना तो शेवटी काढावा. उठवताना त्या हाताला धरून ओढू नये, कारण स्नायूंचा आधार गेलेला खांदा निखळू शकतो. जेवण भरविताना त्यांना ताठ बसवावे, घास लहान असावा आणि तो तोंडाच्या चांगल्या बाजूने द्यावा, आणि शेवटी लुळ्या गालात भात साचून राहिला नाही ना हे पाहावे, कारण तो घशात उतरताना ठसका लागून फुप्फुसात जाण्याची भीती असते. अंथरुणात हालचाल न करू शकणाऱ्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी आणि टाचा, माकडहाड, नितंबांच्या कडा, खवाटे व डोक्याची मागची बाजू रोज उजेडात पाहावी. येथे एक इशारा देणे जरूर आहे. पुस्तकात लिहिलेले असते की शय्याव्रणाच्या आरंभी त्वचा लाल होते आणि बोटाने दाबली तरी ती लाली फिकी होत नाही. परंतु ते वर्णन गोऱ्या कातडीवरून केलेले आहे. आपल्याकडील सावळ्या वा काळ्या त्वचेवर लाली दिसेलच असे नाही. तेथे आसपासच्या भागापेक्षा गडद पडलेला डाग, हाताला लागणारी ऊब किंवा घट्टपणा, आणि त्या जागी हात लावताच रोग्याने आक्रसून घेणे, ही लक्षणे शोधावी लागतात. जी परिचारिका केवळ लालीची वाट पाहील तिला व्रण फुटल्यावरच कळेल.

हे सर्व करण्यापूर्वी, प्रत्येक वेळी, त्यांची परवानगी घ्यावी. “बाबा, आता पाठ पुसतो, चालेल ना?” एवढे वाक्य पुरे, दार लोटून घ्यावे, अंगावर चादर असावी आणि जेवढा भाग पुसावयाचा तेवढाच उघडा करावा. आयुष्यभर दुसऱ्यांना आज्ञा दिलेल्या किंवा स्वतःच्या कष्टाचे खाल्लेल्या माणसाला आपले लघवीचे भांडे परक्या पोराने उचलावे याचे जे दुःख होते, ते दूर करण्याचे औषध कोणत्याही दुकानात मिळत नाही; निदान आपल्या वागणुकीने ते वाढू नये, इतके तरी आपल्या हाती आहे.

परत निघण्यापूर्वी त्या घरातील सुनेशी बोलावे. रात्री दोन-दोन तासांनी उठून कूस बदलणारी, सकाळी मुलांचे डबे करणारी आणि दुपारी शेजाऱ्यांचे “चांगली सेवा करतेस हो” हे शब्द ऐकणारी ती बाई या आजारात दुसरी रोगी होण्याच्या मार्गावर असते. तिची पाठ दुखते का, तिला सलग झोप किती मिळते, रविवारी एक दिवस दिराने किंवा नणंदेने हे काम घ्यावे असे घरात कोणी बोलले आहे का, हे विचारणे विद्यार्थ्याच्या कर्तव्यात मोडते. उचलताना कमरेत न वाकता गुडघ्यांत वाकावे आणि शक्य तेथे दोघांनी मिळून उचलावे, हे तिला करून दाखविणे हाही उपचारच आहे.

आता टिपण लिहिण्याकडे वळू. ‘रुग्ण अस्वस्थ वाटला, प्रकृती साधारण’ असा शेरा मारलेली वही कोणाच्याही उपयोगाची नसते. ‘सकाळची भाकरी अर्धी ठेवली, दुपारपासून लघवी एकदाच, रंग गडद, उजव्या टाचेवर रुपयाएवढा काळसर डाग, हाताला ऊन लागतो, सून म्हणाल्या की काल रात्री कूस बदलता आली नाही’ असे लिहिले म्हणजे दुसऱ्या दिवशी येणाऱ्या परिचारिकेला काय करावयाचे ते न विचारता कळते. आपण पाहिले ते, रोग्याने सांगितले ते आणि दुसऱ्याने सांगितले ते, ही तीन वेगवेगळी लिहावीत. आपला तर्क लिहावयाचा असल्यास तो तर्क आहे असे नमूद करावे. खाडाखोड न करता चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ ओढून सही करावी.

कागदपत्रांचा विषय या अभ्यासक्रमात अगदी थोडक्यात आटोपतात, याची मला खंत वाटते; कारण आपल्या समाजात औषधाइतकीच दाखल्यानेही माणसे तगतात. त्याच गृहस्थांचे पाहा. वय ६५ च्या वर आणि उत्पन्न योजनेच्या मर्यादेत असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतनासाठी तहसील कचेरीतील संजय गांधी योजनेच्या शाखेत त्यांचा अर्ज जाऊ शकतो. त्यासाठी वयाचा पुरावा, रहिवासाचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या सात प्रकारांच्या जागी दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आवश्यक असते. आणि हे सर्व जमून आल्यावरही शिधापत्रिकेवर ‘पांडुरंग’ व आधार कार्डावर ‘पांडू’ असे नाव असल्यामुळे अर्ज नामंजूर होऊ शकतो, किंवा मजुरीने बोटांच्या रेषा झिजल्यामुळे अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही म्हणून पैसे खात्यातच अडकून राहतात. या अडचणी जो विद्यार्थी आधी हेरतो तो त्या कुटुंबाच्या कितीतरी खेपा आणि बसभाडे वाचवितो. मोठ्या शस्त्रक्रियेचा प्रसंग असेल तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी करावी. आणि सार्वजनिक न्यासांनी चालविलेल्या धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी विनामूल्य व आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवण्याचे बंधन आहे, हे तर प्रत्येकाने मुखोद्गत करावे, कारण रोग्याच्या नातलगांना ते क्वचितच ठाऊक असते. मुलांनी टाकून दिलेल्या आईबापांसाठी २००७ च्या कायद्याखाली प्रांत अधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात निर्वाहासाठी दाद मागता येते, हेही त्यातच आले.

दुसऱ्याच्या घरात आणि मनात शिरण्याची मुभा मिळालेल्या माणसावर गुप्ततेचे बंधन येते. जे ऐकले ते मैत्रिणींच्या घोळक्यात, एसटीत किंवा व्हॉट्सॲपवर, नाव न घेता देखील, सांगू नये. लहान गावात नावावाचूनही माणूस ओळखू येतो. एचआयव्हीबाधित व्यक्तीची स्थिती तिच्या संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु या बंधनालाही मर्यादा आहे, ती पहिल्याच वर्षी पक्की समजली पाहिजे. अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळविणे प्रत्येकास बंधनकारक आहे आणि न कळविणे हा गुन्हा आहे. तेव्हा एखादे मूल “कोणाला सांगणार नाही असे वचन दे” असे म्हणाले, तर ते वचन देऊ नये. “तुला मदत करू शकतील अशा माणसांनाच सांगेन, आणि सांगण्यापूर्वी तुला सांगेन” इतकेच म्हणावे, आणि त्याच दिवशी आपल्या पर्यवेक्षकांकडे जावे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहेच.

मनाच्या दुखण्यांविषयी थोडेसे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु नीट तयार केलेल्या समुपदेशकांकरवी प्राथमिक आरोग्य केंद्रांतील नैराश्याच्या रुग्णांना मदत देण्याचा प्रयोग केला, आणि २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांवरून सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा लाभ होतो असे दिसले. यावरून विद्यार्थ्याने आपण पहिल्या वर्षीच समुपदेशक झालो असे मात्र मानू नये, ‘जीव नकोसा झालाय’ असे कोणी म्हणाले तर विषय न बदलता, “म्हणजे मरावेसे वाटते का?” असे स्पष्ट विचारावे, त्या व्यक्तीला एकटे सोडू नये आणि वरिष्ठांना बोलवावे. असे विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत निराधार आहे. १४४१६ या टेलिमानसच्या विनामूल्य क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

मर्यादेची ही जाणीव साऱ्याच कामाला लागू आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने औषधाची मात्रा बदलू नये, ‘माझ्या मामांना याच गोळीने गुण आला’ असा सल्ला देऊ नये, आपल्या खिशातून पैसे देऊन रोग्याशी ऋणाचे नाते जोडू नये. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, श्वास लागणे, अशा वेळी १०८ ला दूरध्वनी करून आपण तेथेच थांबावे. तोंड वाकडे झालेल्या माणसाची लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ती वेळ लिहून घेणे हे विद्यार्थ्याचे सर्वांत मोलाचे काम, कारण गुठळी विरघळविणारे औषध देता येईल की नाही हे त्या वेळेवर ठरते.

प्रवेश घेण्यापूर्वीच्या चौकशीत एक गोष्ट कटाक्षाने करावी. ‘सहा महिन्यांत नर्स व्हा’ अशा जाहिराती शहरोशहरी लागतात. अशा प्रमाणपत्राने रुग्ण साहाय्यकाचे काम कदाचित मिळेल, परंतु नोंदणीकृत परिचारिका होता येत नाही. संस्थेला भारतीय परिचर्या परिषद व महाराष्ट्र परिचर्या परिषद यांची मान्यता आहे काय, हे त्या परिषदांच्या यादीत स्वतः पाहावे, संस्थेच्या भिंतीवरील फलकावर विसंबू नये. विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामासाठी कोणत्या रुग्णालयात पाठवितात, तेथे खाटा किती, आणि आठवड्यातून किती दिवस क्षेत्रकार्य असते हेही विचारावे. समाजकार्याच्या महाविद्यालयात तर क्षेत्रकार्याचे पर्यवेक्षक विद्यार्थ्याची वही वाचून तिच्यावर शेरे लिहितात की नाही, यावरून त्या संस्थेची योग्यता ओळखता येते. शक्य झाल्यास वैद्यकीय अधिकाऱ्यांची आगाऊ अनुमती घेऊन जवळच्या आरोग्य उपकेंद्रात लसीकरणाच्या दिवशी सकाळपासून बसावे. रक्त पाहून घेरी आली तर निराश होऊ नये, ती सवयीने जाते.

आणि स्वतःची काळजी. कावीळ ब ची लस तीन मात्रांत, पहिल्या मात्रेनंतर एका महिन्याने दुसरी आणि सहा महिन्यांनी तिसरी, अशी घ्यावयाची असते. म्हणून पहिली मात्रा प्रवेशाच्या वेळीच घ्यावी, वॉर्डात पाठविण्याची तारीख लागल्यावर नव्हे. वापरलेल्या सुईला टोपण परत बसवू नये. ती पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावी, रक्ताने भिजलेली पट्टी पिवळ्या पिशवीत, प्लॅस्टिकच्या नळ्या लाल पिशवीत. सुई टोचलीच तर ती जागा दाबून रक्त काढू नये, साबण आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि ताबडतोब वरिष्ठांना कळवावे. एचआयव्हीचा प्रतिबंधक उपचार जितका लवकर तितका गुणकारी, आणि ७२ तासांच्या आत तो सुरू व्हावाच लागतो. रागावतील या भीतीने ही गोष्ट लपविणारे विद्यार्थी दरवर्षी निघतात. वर्गात पहिल्याच आठवड्यात शिक्षकांनी, आणि त्यांनी न सांगितल्यास विद्यार्थ्याने आपण होऊन, अशा वेळी कोणाकडे जावयाचे, रात्रपाळीत ते कोठे भेटतात आणि औषधाची पेटी कोणाच्या ताब्यात असते, हे विचारून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे.